‘कयाक इथेच विका, तिकडे नवी घ्या’ : या सल्ल्याचा हिशेब

अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर बिऱ्हाड हलवणाऱ्या मराठी मंडळींत कयाकबद्दल, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या लांबट, अरुंद होडीबद्दल, एक सल्ला कायम फिरत असतो. शब्द थोडे इकडेतिकडे, पण मजकूर हाच : ‘१७ फुटी कयाक नेण्याच्या फंदात पडू नका. पार्सलवाले घेत नाहीत, ट्रकवाले बोटीच्या किमतीएवढे पैसे मागतात. न्यायचीच असेल तर गाडीच्या टपावर बांधा, फुकटात जाते. नाहीतर घरसामानाबरोबर मूव्हर्सना देऊन टाका, त्यांचा विमा असतोच. खरं शहाणपण म्हणजे इथे विकायची आणि तिकडे नवी घ्यायची.’

सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि प्रत्येक वाक्यात थोडंफार तथ्यही आहे, म्हणूनच हा सल्ला इतका टिकलाय. पण त्याच्या मुळाशी एक समज आहे : भाडं म्हणजे वजन गुणिले अंतर. कयाकला हे गणित लागू पडत नाही. तिथे पैसे जातात ते लांबीचे, अडवलेल्या जागेचे आणि दारात आणून देण्याचे. हे ध्यानात आलं की कात्री कुठे लावायची तेही दिसतं. उदाहरणापुरती सिअ‍ॅटलहून न्यू जर्सीतल्या एडिसनला जाणारी, १७ फूट लांब आणि ५८ पाउंड वजनाची सी कयाक, म्हणजे समुद्रात वल्हवायची कयाक, धरू.

‘पार्सलवाले घेत नाहीत.’ खरं आहे, आणि सल्ला देणाऱ्याला वाटतं त्याहून जास्त खरं आहे. यूपीएस आणि फेडेक्स ग्राउंड या दोघांचीही लांबीची मर्यादा १०८ इंच. आपली बोट २०४ इंच. पोस्टाचा तर विचारच नको. तिथे लांबी आणि घेर (रुंदी-उंचीच्या बेरजेची दुप्पट) मिळून १३० इंच, वजन ७० पाउंड, की संपलं. ९ फुटी छोटी कयाक बरोब्बर १०८ इंच भरते म्हणून कुणी खूश होईल, पण लांबी अधिक घेर १६५ इंचांच्या आत लागतो. २८ इंच रुंद आणि १४ इंच उंच बोटीचा घेरच ८४ इंच होतो. म्हणजे बेरीज १९२. तीही बाद.

फक्त, पार्सल आणि फ्रेट (ट्रकनं होणारी मोठ्या मालाची वाहतूक) हे दोन वेगळे धंदे आहेत. पहिल्याचं दार बंद म्हणून दुसऱ्याचं बंद होत नाही. पार्सल कंपनीचा उपयोग एवढाच करायचा : दोन तुकड्यांचं पॅडल, लाइफ जॅकेट, स्प्रे स्कर्ट (बसायच्या जागेत पाणी येऊ नये म्हणून कमरेभोवती लावायचं आवरण), सुटा होणारा रडर (सुकाणू) हे सगळं वेगळ्या खोक्यातून पाठवायचं. बोटीच्या पोटात कोंबायचं नाही. आत सुटं सामान हलत राहिलं तर बोटीला आतून मार बसतो, आणि नुकसान झालं तर ‘पॅकिंग नीट नव्हतं’ म्हणायला कंपनीला आयतं निमित्त मिळतं.

‘ट्रकवाले बोटीच्या किमतीएवढे मागतात.’ इथे जरा थांबायला हवं, कारण सगळा गुंता इथेच आहे. घरबसल्या कोट, म्हणजे भाड्याचा अंदाज, काढला, दोन्हीकडे घराचे पत्ते टाकले, समोर आलेल्या सगळ्या चौकोनांवर खुणा केल्या, तर डोळे पांढरे करणारा आकडा येतो. तो खोटा नसतो. पण तो काय काय मिळून झालाय हे बहुतेक जण बघत नाहीत.

एकाच ट्रेलरमध्ये अनेकांचा माल भरून नेणाऱ्या सेवेला इथे एलटीएल म्हणतात. हा सगळा कारभार पॅलेटभोवती उभा आहे : ४८ बाय ४० इंचांचा लाकडी पाट, त्यावर माल, खाली फोर्कलिफ्टचे दात. वाटेत टर्मिनलवर, म्हणजे कंपनीच्या मालतळावर, माल उतरतो आणि दुसऱ्या ट्रेलरमध्ये चढतो. या कंपन्या २८ फुटी छोटे ट्रेलर जोडीनं ओढतात. अशा ट्रेलरमध्ये १७ फुटी बोट आडवी घातली की निम्म्याहून जास्त लांबी तिनं अडवली, वर काही रचता येत नाही, आणि चढवायला-उतरवायला दोन माणसं हवीत. म्हणून जादा लांबीचा आकार, म्हणजे जादा पैसे, लागतो. काही कंपन्यांचा ८ फुटांपासून सुरू होतो, काहींचा १२ पासून, आणि फुटांबरोबर चढत जातो. या एका आकड्यात दोन कंपन्यांत प्रचंड फरक पडतो. पहिल्याच कोटवर हताश होणाऱ्यांना तो कधी कळतच नाही.

दुसरी गोष्ट घनतेची. बांधलेली बोट २०४ बाय २४ बाय १६ इंच धरा. म्हणजे सुमारे ४५ घनफूट. पॅकिंगसकट वजन ७० पाउंड. एका घनफुटाला जेमतेम दीड पाउंड! इथल्या फ्रेटचे वर्ग ५० ते ५०० असे असतात, ५० सर्वांत स्वस्त. घनतेच्या तक्त्यावर दीड पाउंडाचा माल थेट ३०० च्या वर्गात जाऊन बसतो. आपण बोट पाठवत नसून ट्रेलरभर हवा पाठवतोय, असं कंपनी धरते. पुण्या-मुंबईच्या ट्रान्सपोर्टवाल्याला हे समजवावं लागत नाही. तोही हलक्या, फुगीर मालाला वजनकाटा न दाखवता टेप लावतो आणि सीएफटी (घनफूट) मोजून मोकळा होतो. हीच बोट जपून १४ इंच उंचीत बांधली तर घनफळ ४० घनफुटांखाली येतं. रडर काढा, सीटची पाठ आडवी करा, वर बांधलेलं काहीबाही सोडा. मोजमाप सर्वांत बाहेर आलेल्या टोकाचं होतं, हे विसरू नका. आणि आकडे खरे द्या. वाटेत पुन्हा मोजून वर्ग बदलला की वाढीव बिल मागाहून येतंच.

तिसरी गोष्ट म्हणजे दार. घरपोच आणण्याचा वेगळा आकार, घरून उचलण्याचा वेगळा, लिफ्टगेटचा आणखी वेगळा. लिफ्टगेट म्हणजे ट्रकच्या मागचा वर-खाली होणारा पत्रा, काही फूट खोलीचा. त्यावर १७ फुटी बोट उतरवायची कशी, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. तरी लोक खूण करतात आणि पैसे भरतात. ती खूण काढून टाका. बोट आपण स्वतः सिअ‍ॅटलच्या टर्मिनलवर नेऊन द्यायची आणि न्यू जर्सीच्या टर्मिनलवरून स्वतःच उचलायची. गाडीवर रॅक आणि सोबत एक मित्र एवढंच लागतं.

त्याहून सरस वाट म्हणजे कयाकचं दुकान. दुकानाच्या नावावर फ्रेट कंपनीचं खातं असतं, आणि खात्यावरचा दर व एकट्यादुकट्या माणसाला मिळणारा दर यांत फार अंतर असतं. शिवाय दुकान हा व्यापारी पत्ता, त्यामुळे घरपोचचा आकार गेला. तिथल्या लोकांना बोट बांधायची सवय असते, जुन्या बोटींबरोबर आलेली खोकी आणि फोमही पडून असतात. थोडी फी घेऊन हे काम करणारी दुकानं आहेत. विचारायला लाजू नका. फार तर नाही म्हणतील.

आणि ज्यांचा त्या सल्ल्यात उल्लेखसुद्धा नसतो, ते म्हणजे फक्त बोटी वाहणारे ट्रेलरवाले. मेन राज्यातलं ओल्ड टाउन, साउथ कॅरोलायना, वॉशिंग्टन राज्य अशा एकमेकांपासून लांबच्या ठिकाणी कयाकचे कारखाने आहेत, आणि त्यांचा माल देशभरातल्या दुकानांत पोचवणारे लोक आहेत. त्यांच्याकडे मजल्यामजल्यांचे रॅक असतात. १७ फूट ही त्यांच्यासाठी अडचणीची लांबी नव्हेच. बोट एकदा चढली की मुक्कामालाच उतरते, मधे फोर्कलिफ्ट नाही. पूर्वेचा माल पश्चिमेला टाकून परतणाऱ्याला रिकामं जायचं नसतं, म्हणून त्याच्या वाटेवर, त्याच्या तारखेला बोट द्यायची तयारी असेल तर भाडं काही शे डॉलरांत बसू शकतं. यात किंमत मोजायची ती वेळेची. ‘पुढच्या शनिवारीच हवी’ म्हणणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये. महिना-दीड महिना हाताशी ठेवावा. भाड्याची बोली लावणाऱ्या साइटवर असा कुणी सापडला तर आगाऊ पैसे देण्याआधी त्याचा यूएसडॉट नंबर (वाहतूकदाराचा सरकारी नोंदणी क्रमांक) मागून घ्या. एफएमसीएसए या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर तो फुकट तपासता येतो. नंबर द्यायला का-कू करणाऱ्याला नमस्कार.

मधेच कुणीतरी ‘मग मधून कापूनच टाका’ असंही सुचवतं. तीन तुकड्यांत जोडता येणाऱ्या बोटी मिळतात, पण त्या कारखान्यातच आतल्या भिंती घालून तशा घडवलेल्या असतात. चांगली बोट करवतीनं कापून तसं होत नाही. प्रवासासाठीच बोट हवी असेल तर घडीची घ्यावी. जर्मनीतल्या रोझेनहाइमच्या योहान क्लेपर यांनी १९०७ मध्ये घडीच्या बोटीचं पेटंट विकत घेतलं, आणि लोक पाठीवर बोट टाकून रेल्वेनं नदीवर जाऊ लागले. तकलादू म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी : हानेस लिंडेमान यांनी १९५६ मध्ये अशाच क्लेपर बोटीतून अटलांटिक ओलांडला.

‘टपावर बांधा, फुकटात जाते.’ गाडी तशीही न्यायची असेल तर मान्य. फक्त बोटीसाठी जाणार असाल तर हिशेब करा. सिअ‍ॅटल ते एडिसन साधारण २,८५० मैल. टपावर बोट असताना गॅलनला २५ मैल मिळाले तर ११४ गॅलन, साडेतीन डॉलरच्या दरानं चारशे डॉलर. वर चार रात्रींची मोटेल, जेवण, रजा, आणि परत यायचं ते वेगळंच. फुकट कुठे आलं? आणखी एक गोष्ट, जी माहीत नसली तर भर रस्त्यात अडकाल. आय-९० महामार्गानं निघालात की आयडाहो आणि मोंटाना लागतात. झीब्रा आणि क्वागा जातीचे शिंपले बोटींना चिकटून एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून या राज्यांत तपासणी नाके आहेत, आणि बोट घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला तिथे थांबावंच लागतं. इंजिन नसलेल्या कयाकलाही सूट नाही. बोट धुतलेली, पाणी काढलेली आणि खडखडीत वाळलेली असली तर पाच-दहा मिनिटांत सुटका होते. हॅचमध्ये (सामानाच्या झाकणबंद कप्प्यात) मागच्या सहलीचं पाणी डुचमळत असेल तर मात्र नाक्यावरचा माणूस वेळ घेणार, आणि तो त्याच्या जागी बरोबरच असतो.

‘मूव्हर्सना द्या, त्यांचा विमा असतोच.’ या सल्ल्यातलं सर्वांत धोक्याचं वाक्य हेच. आंतरराज्य घरसामान वाहणाऱ्यांची जी बिनपैशाची हमी असते, ती वस्तूच्या वजनावर, पाउंडाला ६० सेंट. ५८ पाउंडांची बोट मधोमध मोडली तरी हातात येणार पस्तीस डॉलरच्या आत. कार्बन-केव्हलरच्या महागड्या धाग्यांची असेल तर आणखी कमी, कारण ती हलकी! महागडी बोट तेवढी हलकी, आणि हलकी बोट तेवढी भरपाई कमी. पूर्ण किमतीची हमी हवी तर ती वेगळी, पैसे मोजून, लेखी घ्यावी लागते. फ्रेट कंपन्यांचंही वेगळं नाही. वापरलेल्या मालाची जबाबदारी त्या पाउंडाला काही सेंटांवर आणून ठेवतात. म्हणून बोटीच्या किमतीइतका मालवाहतूक विमा स्वतंत्र काढायचा, आणि त्यात ‘वापरलेली वस्तू’ आणि ‘पॅकिंगमधली त्रुटी’ याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचायचं. फायबरच्या बोटीला मार बसतो तो दोन टोकांना; तिथे जुन्या गालिच्याचे तुकडे आणि जाड पुठ्ठा भरपूर लावा, मधे फोम चालतो. प्लॅस्टिकची बोट फुटत नाही, पण उन्हात आवळून बांधलेल्या पट्ट्यांखाली तिला खड्डे पडतात.

बोट हातात आली की ड्रायव्हर कितीही घाईत असला तरी गुंडाळलेलं सोडून बघा, आणि तडा किंवा खोक दिसली तर पोचपावतीवर तिथल्या तिथे लिहा, मग सही करा. फोटोही काढा. कोऱ्या पावतीवर सही झाली की पुढचा दावा फार अवघड होऊन बसतो.

राहिलं ‘विका आणि नवी घ्या’. नवी १७ फुटी प्लॅस्टिकची सी कयाक दोन हजार डॉलरच्या आसपास येते, फायबरची चार हजारांच्या पुढे. समजा तुमची फायबरची बोट घाईत पंधराशेला गेली आणि तिकडे तशीच नवी चार हजारांना घेतली. खिशातून गेले अडीच हजार. टर्मिनल ते टर्मिनल किंवा बोटींच्या ट्रेलरनं, विम्यासकट, ती याच्या बऱ्याच खाली पोचते. तिकडे जुनीच घेतली तर फरक कमी होतो, हे खरं. पण लांब सी कयाक मापानं घेतात. बसायची जागा, मांड्यांना मिळणारा आधार, सगळं अंगासरशी जुळलेलं असतं. तसलीच दुसरी हव्या त्या महिन्यात, हव्या त्या गावात मिळेल याचा भरवसा नाही.

पण दहा फुटी, तळ्यात फिरायची, दुकानात चारशे डॉलरला मिळणारी प्लॅस्टिकची कयाक असेल तर तो सल्ला शंभर टक्के बरोबर. तिचं भाडं तिच्या किमतीला गाठणारच. ती विकाच. फक्त नोव्हेंबरच्या पावसात नका विकू. सिअ‍ॅटलमध्ये मे-जूनला तिचे बरे पैसे येतात.