बिनधास्त बोला, माइक बंद ठेवून

‘कामाच्या ठिकाणचा संवाद आणि सत्ता’ या विषयावरच्या सक्तीच्या ऑनलाइन वर्गाचं आमंत्रण तुमच्या कॅलेंडरवरही पडलंच असेल. शुक्रवार, दुपारी तीन ते पाच. म्हणजे शुक्रवारचं काम शनिवारी. आमचा वर्ग गेल्याच आठवड्यात पार पडला, तेव्हा ज्यांच्यावर ही वेळ अजून यायची आहे त्यांच्यासाठी अनुभवाचे चार बोल सांगतो. फुकट आहेत, घ्या.

आधी कॅमेरा. तुमचा चालू हवा, कारण त्याने विश्वासाचं वातावरण तयार होतं. साहेबांचा बंद असतो, कारण त्यांच्याकडे नेटवर्क नसतं. साहेब पुण्यात, बाणेरला राहतात. तुम्ही सुट्टी घेऊन गावी गेला असाल आणि आंब्याच्या झाडाखाली एका ठरावीक फांदीपाशीच रेंज येत असेल, तरी तुमचा चालूच हवा.

सुरुवातीला ‘तुम्ही प्राणी असता तर कोणता असता?’ असं विचारतील. सिंह म्हणू नका, ती जागा भरलेली आहे. बैलही म्हणू नका, उगाच खरं वाटायचं.

सहभाग चॅटवरून मोजतात. ‘वेल सेड सर’ हे साहेब बोलायला लागले की लगेच टाकायचं. त्यांचं बोलून होईपर्यंत थांबलात तर बाकीच्यांचं टाकून झालेलं असतं आणि तुमचं नाव खाली जातं. ते काय म्हणाले हे नंतर रेकॉर्डिंगमध्ये बघता येतं. कुणी बघत नाही.

प्रश्नमंजुषेत उत्तर ‘वरीलपैकी सर्व’ हेच असतं.

मग सत्तेच्या प्रकारांची स्लाइड येईल. फ्रेंच आणि रेव्हन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये पाच प्रकार सांगितले: पदाची सत्ता, बक्षिसाची, शिक्षेची, ज्ञानाची आणि लोकांना आपल्याबद्दल वाटणाऱ्या आदरातून येणारी. सहावी, माहितीची, रेव्हन यांनी पुढे १९६५ मध्ये जोडली. चांगली स्लाइड आहे, वाचा. फक्त वाचताना आपल्या ऑफिसातली माणसं त्या चौकटींत बसवू नका. आदराची चौकट रिकामी राहते आणि मन खट्टू होतं. सातवी सत्ता ‘म्यूट ऑल’ची. ती स्लाइडवर नसते, होस्टच्या बोटाखाली असते.

अभिप्रायाचा फॉर्म पूर्णपणे निनावी असतो. ऑफिसच्या आयडीने लॉगिन केल्याशिवाय तो उघडत नाही, एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवटी प्रशिक्षक हसतमुखाने म्हणतील, ‘इथे कोणी सीनियर नाही, कोणी ज्युनियर नाही. धिस इज अ सेफ स्पेस. बिनधास्त विचारा.’ या वाक्यावर काय करायचं? पाणी प्या. फाइल शोधा. घरात मूल असेल तर त्याला रडवा. पण विचारू नका.

आमच्याकडे एका मुलीने विचारलं. नवीन आहे, सहा महिनेही झाले नसतील. तिला बिचारीला वाटलं, विचारा म्हणतायत तर विचारायचं असतं. तिने विचारलं, ‘रात्री अकरा वाजता मॅनेजरचा मेसेज आला आणि उत्तर सकाळी द्यायचं असेल, तर ते कसं सांगायचं?’ बस. एवढंच. कुणाचं नाव नाही, तक्रार नाही, आवाजात चढ नाही. दीड तास जे शिकवलं ते वापरून बघत होती. आणि तासभर ज्यांचं नेटवर्क नव्हतं त्या साहेबांना त्या क्षणी फुल रेंज आली! माइक उघडला. ‘गुड क्वेश्चन. पण हे आपण ऑफलाइन घेऊ.’ मग जरा हसून, ‘आपली टीम म्हणजे फॅमिली आहे, फॅमिलीत कोणी घड्याळ बघतं का?’ त्यावर बदाम, टाळ्या, अंगठे. स्क्रीनवर नुसती जत्रा. प्रशिक्षकबाई म्हणाल्या, ‘लव्हली पर्स्पेक्टिव्ह, सर.’ सोमवारी तो विषय ऑफलाइन घेतला गेला. ‘तुझ्यात ओनरशिप कमी दिसते,’ असं तिला सांगण्यात आलं. संवादाच्या वर्गात तोंड उघडल्याबद्दल!

आणि त्याच वर्गात त्याआधी मंगळूरच्या अपघाताचं उदाहरण देऊन झालं होतं. २२ मे २०१०. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरची, धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: ‘कनिष्ठांनी ठामपणे बोलायला शिकलं पाहिजे.’

अहो बाई, तो कनिष्ठ बोलला होता! चौकशी अहवालात लिहिलंय. विमान हवं त्यापेक्षा उंचावरून उतरत होतं, सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हणजे उतरू नका, परत वर घ्या, असं सांगितलं. एकदा नाही, तीनदा. विमानातली यंत्रणाही इशारे देत होती. कॅप्टनने उतरणं सोडलं नाही. मग सहवैमानिकाने विमान स्वतःच्या ताब्यात का घेतलं नाही? त्याला तसा अधिकार देणाऱ्या सूचनाच संदिग्ध होत्या, बहुधा म्हणून, असं तोच अहवाल म्हणतो. तीनदा सांगूनही ज्याचं ऐकलं नाही, त्याने आणखी काय शिकायचं होतं? आवाजाची पट्टी? डोळ्यांत डोळे घालून बोलायची पद्धत? धडा कॅप्टनचा, आणि वर्ग सहवैमानिकाचा!

बास झालं. सल्ले गेले चुलीत.

साहेब, हा वर्ग तुमच्यासाठी होता. आम्हाला बोलता येतं. चहाच्या टपरीवर येऊन ऐका, किती स्पष्ट, किती मुद्देसूद बोलतो ते. तुम्ही आलात की थांबतो, कारण मार्चमधलं रेटिंग तुमच्या हातात आहे आणि ते तुम्ही कसं वापरता हे सगळ्यांनी पाहिलंय. त्यावर उपाय म्हणून तुम्ही आम्हालाच क्लास लावता, स्वतः कॅमेरा बंद करून दुसऱ्या मीटिंगमध्ये बसता आणि ‘शंभर टक्के सहभाग’ म्हणून वर रिपोर्ट पाठवता. लाज नाही वाटत?

आणि बदाम टाकणाऱ्यांनो, तुम्हीसुद्धा. अंगठा दाबला नसतात तर कुणाची नोकरी जाणार नव्हती. त्या मुलीला निदान स्क्रीनवर शांतता तरी दिसली असती.

पुढचा वर्ग फक्त मॅनेजर आणि त्यावरच्यांचा ठेवा. कॅमेरे चालू, माइक बंद, दोन तास नुसतं ऐकायचं. आणि रात्री अकराच्या मेसेजचं काय करायचं, ते त्या मुलीला लेखी कळवा. सगळ्यांना सीसी करून.