सोनोग्राफीत हृदय हललं नाही म्हणजे सगळं संपलं? नाही

‘सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून जीव वाचवण्याचा प्रयत्न) देताना सोनोग्राफीत हृदयाची हालचाल दिसली नाही तर कुणीच वाचत नाही, अमेरिकेत सिद्ध झालंय’ असा मेसेज फिरतोय. त्याचा आधार असलेला रोमोलो गास्पारी व सहकाऱ्यांचा २०१६ चा शोधनिबंध वेगळंच सांगतो. अमेरिका-कॅनडातले ७९३ रुग्ण, सगळ्यांचं हृदय थांबलेलं, तेही विजेच्या शॉकचा उपयोग होत नाही अशा प्रकारे. हालचाल दिसलेल्यांपैकी ३.८ टक्क्यांना डिस्चार्ज मिळाला, न दिसलेल्यांपैकी ०.६ टक्क्यांना. फारच कमी, पण शून्य नव्हे! शिवाय सोनोग्राफीचा पडदा उपचार करणाऱ्यांसमोरच होता. हालचाल न दिसल्यामुळेच काही ठिकाणी वाचवण्याचे प्रयत्न लवकर थांबले असू शकतात. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०२० मध्ये सीपीआरदरम्यान या तपासणीवरून रुग्ण वाचेल की नाही याचं भाकीत करू नये असंच सुचवलं. हृदयाभोवती साठलेलं रक्त शोधायला मात्र ती खरंच कामाची. तेव्हा तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका.