‘स्कॅन करा आणि मूळ फोटो टाकून द्या’: एका सल्ल्याचा प्रतिवाद

परदेशात जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या गटांमध्ये आणि समाजमाध्यमांवर एक मजकूर वारंवार फिरताना दिसतो. त्याचा आशय थोडक्यात असा आहे: पणजोबा-पणजींनी मूळ गाव सोडताना बरोबर आणलेले, किंवा मागाहून पत्रांतून आलेले शेताचे, घराचे, बाजाराचे जुने फोटो मोबाइलने टिपून क्लाउडवर चढवावेत, ज्यांत ओळखीचा चेहरा नाही असे फोटो आणि सगळ्या निगेटिव्ह काढून टाकाव्यात, पुसट चेहरे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी स्पष्ट आणि रंगीत करून घ्यावेत, आणि कागद नाही तरी नष्टच होणार असल्याने मूळ प्रतींचा पसारा घराबाहेर काढावा. हा सल्ला देणाऱ्यांची अडचण खरी आहे, कारण घरे लहान असतात, भावंडे वेगवेगळ्या शहरांत पांगलेली असतात आणि पेट्या कोणी न्यायच्या हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे येतो. तरीही या मजकुरातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे किंवा अर्धवट आहे, आणि त्याप्रमाणे वागल्यास होणारे नुकसान भरून काढता येत नाही. गावातच राहिलेल्या माणसाला आठवण पडताळून पाहायला तिथली वाट, तिथले शेजारी, निदान घराचा पाया तरी सापडतो. जे कुटुंब तिथून निघून आले, त्याच्या हाती बहुधा हा कागदच तेवढा उरलेला असतो.

सर्वांत आधी ‘स्कॅन म्हणजे फोटोच’ या गृहीतकाचा विचार केला पाहिजे, कारण बाकीचा सगळा सल्ला त्याच्यावर उभा आहे. स्कॅनमध्ये फोटोच्या एका बाजूची प्रतिमा येते. फोटो ही मात्र दोन बाजू, कडा, जाडी आणि शिक्के असलेली वस्तू असते. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक देशांत फोटो थेट पोस्टकार्डाच्या कागदावर छापून घेण्याची पद्धत रूढ झाली, आणि लहान गावांतले कितीतरी प्रसंग आज अशाच कार्डांवर आपल्याला पाहायला मिळतात. त्या कार्डांच्या मागे, तिकीट लावण्याच्या चौकटीत, कागद बनवणाऱ्याची खूण असे. ‘अ‍ॅझो’ या कागदावर चौकटीच्या कोपऱ्यांतले चारही त्रिकोण वर टोक करून असतील, तर तो कागद साधारणपणे १९०४ ते १९१८ या काळातला मानतात. दोन त्रिकोण वर आणि दोन खाली असतील, तर १९१८ ते १९३० या काळातला. फोटोत कोण आहे हे सांगणारे कोणी उरले नसले, तरी केवळ या खुणेवरून तो गाव सोडण्याच्या आधीचा की नंतरचा, हे पुष्कळदा ठरवता येते. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या स्टुडिओच्या फोटोंवर छायाचित्रकाराचे आणि गावाचे नाव छापलेले असते, आणि ते नाव त्या वेळच्या राज्यकर्त्यांच्या भाषेत असू शकते. लेम्बर्ग, ल्वूफ आणि ल्विव्ह ही एकाच शहराची जर्मन, पोलिश आणि युक्रेनियन नावे आहेत. त्यांपैकी कोणते नाव पुठ्ठ्यावर आहे, यावरूनही काळाचा आणि कुटुंबाच्या वाटचालीचा माग लागतो.

फोटोच्या मागचा मजकूर तर त्याहून मोलाचा असतो. तो बहुधा अशा भाषेत किंवा लिपीत लिहिलेला असतो, की जी आताच्या पिढीला वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही म्हणूनच ती बाजू स्कॅन करायची राहून जाते. नव्या देशात आडनाव बदलले गेले असेल, तर जुने आडनाव लिहिलेली ती एकच जागा असण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक फोटोच्या दोन्ही बाजू, आणि अल्बम असेल तर फोटो सुटे करण्यापूर्वी अल्बमचे प्रत्येक पान जसेच्या तसे स्कॅन करावे. पानावरचा क्रम कोणीतरी विचार करून लावलेला असतो, आणि शेजारी कोणाचा फोटो आहे यावरून नाती उलगडतात.

मोबाइलने टिपलेली प्रतिमा पुरेशी असते, हे म्हणणे मला सरसकट खोडून काढायचे नाही. दूरच्या नातेवाइकाच्या घरी तासभरच वेळ असेल, तर मोबाइल वापरावाच. काहीच न घेण्यापेक्षा ते बरे. परंतु ती नोंद झाली, जतन नव्हे. जुन्या रोल फिल्मवरून निगेटिव्हच्याच मापाच्या, साधारण ६ बाय ९ सेंटिमीटरच्या प्रिंट काढत असत, आणि एवढ्याशा कागदावर कुंपण, अवजारे आणि दारातली माणसे इतका तपशील मावलेला असतो, की त्या साध्या डोळ्यांपेक्षा भिंगातून जास्त कळतात. सपाट काचेच्या स्कॅनरवर ६०० पीपीआयने, म्हणजे दर इंचाला ६०० पिक्सेलने, स्कॅन केल्यास अशा प्रिंटची सुमारे १४०० बाय २१०० पिक्सेलची, सर्वत्र सारख्या प्रकाशाची आणि कोन न बिघडलेली प्रतिमा मिळते. मोबाइलमध्ये मात्र कागदावरची चमक येते, कडा तिरक्या होतात, आणि कॅमेरा स्वतःहून प्रतिमेला धार लावतो. मूळ स्कॅन तपशील न गमावणाऱ्या टिफ या फाइल-स्वरूपात ठेवावा आणि वाटण्यासाठी त्याची आकाराने लहान अशी जेपेग प्रत काढावी. गप्पांच्या अ‍ॅपमधून फिरलेली प्रत सहसा आकुंचित झालेली असते आणि तिच्यातली माहितीही गळालेली असते, त्यामुळे तिला मूळ समजू नये.

निगेटिव्ह टाकून देण्याचा सल्ला मला या मजकुरातला सर्वांत घातक भाग वाटतो. प्रिंट ही निगेटिव्हवरून काढलेली नक्कल असते, आणि निगेटिव्हमध्ये प्रिंटवर न उतरलेला तपशील शिल्लक असतो. कोडॅकने १९१४ मध्ये ‘ऑटोग्राफिक’ कॅमेरे आणले. त्यांच्या पाठीमागची छोटी झडप उघडून फोटो काढणारा माणूस फिल्मच्या कडेला बारीक सळईने तारीख किंवा ठिकाण लिहू शकत असे. ते अक्षर निगेटिव्हच्या कडेवर राही, आणि प्रिंट काढताना बहुधा कापले जाई. म्हणजे ज्या माहितीसाठी वारस पुढे वर्षानुवर्षे शोध घेतात, ती टाकायला काढलेल्या पाकिटात असू शकते. दुसरे उदाहरण सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराचे आहे. त्याने १८८६ पासून अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या कस्टर काउंटीत, गवताळ मातीच्या चिरांनी बांधलेल्या घरांसमोर शेतकरी कुटुंबांना उभे करून त्यांचे फोटो काढले. १८९९ मध्ये त्याच्या घराला आग लागून प्रिंट आणि लिहून ठेवलेली माहिती जळाली, पण काचेच्या निगेटिव्ह धान्याच्या कोठारात असल्यामुळे वाचल्या, आणि आज त्या वसाहतीचे जे दर्शन आपल्याला घडते ते त्यांच्यामुळेच. पुढे त्या निगेटिव्ह उच्च दर्जाने स्कॅन केल्या, तेव्हा प्रिंटवर निव्वळ काळी दिसणारी दारे उजळवून घराच्या आतल्या वस्तू पाहता आल्या. मूळ जपलेले होते म्हणूनच शंभर वर्षांनंतरच्या तंत्राला त्यातून नवे काही काढता आले.

एक सावधगिरी मात्र इथे सांगितलीच पाहिजे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वापरात असलेली काही फिल्म सेल्युलोज नायट्रेटची होती आणि ती अतिशय ज्वालाग्राही असते. चिकट, पिवळसर-तपकिरी झालेली किंवा भुकटी होऊ लागलेली फिल्म इतरांपासून लगेच वेगळी करून तज्ज्ञांना दाखवावी. अ‍ॅसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला, तर तिचे विघटन सुरू झाले आहे असे समजून ती आधी स्कॅन करावी आणि बाकीच्या फिल्मपासून दूर, थंड जागी ठेवावी.

‘ओळखीचा चेहरा नसलेले फोटो निरुपयोगी’ हे विधान करताना आजच्या आपल्या अज्ञानाला फोटोचे मोल ठरवू दिले जाते. कोणता फोटो उद्या कामाला येईल हे आज ठरवणाऱ्याला कळत नाही, याचा एक धडधडीत पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेतील ग्रामीण जीवनाची १९३५ पासून सरकारी नोंद करणाऱ्या, पुढे ‘फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकल्पाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर सुरुवातीच्या वर्षांत नापसंत निगेटिव्हना चक्क भोक पाडत असत. तो सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्हचा संग्रह आज ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये आहे, आणि भोके पडलेल्या त्या निगेटिव्हसुद्धा अभ्यासक आवर्जून पाहतात, मात्र भोकाच्या जागी असलेला चेहरा किंवा शेताचा तुकडा कायमचा गेला आहे. आर्कान्सा राज्यातल्या हेबर स्प्रिंग्ज या छोट्या गावात स्टुडिओ चालवणारा, जर्मन स्थलांतरित आई-वडिलांचा मुलगा माइक डिसफार्मर १९५९ मध्ये वारला, तेव्हा त्याने काढलेले शेतकऱ्यांचे साधे फोटो कोणाला महत्त्वाचे वाटत नव्हते. १९७० च्या दशकात त्याच्या काचेच्या निगेटिव्ह प्रकाशात आल्या, आणि नंतर संग्राहक त्या भागातल्या घराघरांतून त्याच्या मूळ प्रिंट शोधू लागले. त्या प्रिंट सापडल्या, कारण सामान्य कुटुंबांनी त्या अल्बममध्ये राहू दिल्या होत्या. आपल्या पेटीतला फोटो संग्रहालयात जाईल असे मला सुचवायचे नाही. ज्या फोटोत आपल्याला अनोळखी शेजारी, बैलगाडी आणि अर्धवट दिसणारे छप्पर एवढेच दिसते, तो त्या शेजाऱ्याच्या नातवासाठी आजोबांचा एकमेव फोटो असू शकतो, एवढेच माझे म्हणणे आहे. लहान गावांतून माणसे बहुधा एकेकटी नव्हे, तर एकामागोमाग एक, एकाच नव्या प्रदेशात गेली. त्यामुळे तो नातू शोधला तर सापडतोही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटो ‘सुधारून’ तीच प्रत ठेवावी, या सल्ल्यात प्रतिमा आणि अंदाज यांची गल्लत आहे. पुसट चेहरा स्पष्ट करणारे साधन हरवलेला तपशील परत आणत नाही. इतर असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेला संभाव्य तपशील ते तिथे भरते, म्हणजे पणजीचे डोळे पुसले जाऊन कोणाचेच नसलेले डोळे तिच्या चेहऱ्यावर येतात. रंगांचीही तीच गत आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सर्रास वापरलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे लाल कापड काळपट आणि निळे फिकट उमटत असे. अशा करड्या छटांवरून साधनाने निवडलेला रंग पटण्याजोगा वाटतो, पण तो सणाच्या लाल पोशाखाला शोकाचा काळा पोशाख करून टाकू शकतो. कोणाला अशी प्रत आवडत असेल तर ती जरूर करावी, फक्त तिच्या नावातच ‘रंगवलेली’ असे लिहावे आणि मूळ स्कॅनवर ती कधीही जतन करू नये.

क्लाउडच्या कायमपणाबद्दल थोडक्यात सांगता येईल. ‘मायस्पेस’ या समाजमाध्यमाने २०१९ मध्ये मान्य केले की सर्व्हर बदलण्याच्या कामात जुनी गाणी, चित्रफिती आणि फोटो गमावले गेले. गूगलच्या नियमानुसार दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते मजकुरासह काढून टाकले जाऊ शकते, आणि कुटुंबाचे फोटो बहुधा ज्या एका व्यक्तीच्या खात्यात असतात, तिच्या निधनानंतर नेमके हेच घडण्याचा धोका असतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी, हा जुना नियम इथे पाळावा. पांगलेल्या कुटुंबाला दुसरे ठिकाण शोधावे लागत नाही.

कागद नाही तरी नष्ट होणारच, या शेवटच्या विधानात अर्धे सत्य आहे. १९७० च्या दशकातल्या बऱ्याच रंगीत प्रिंट अंधारातही फिक्या होतात. त्यांतला निळसर रंग आधी जातो आणि फोटो लालसर दिसू लागतो, म्हणून स्कॅनिंगची सुरुवात त्यांच्यापासून करावी. परंतु नीट धुतलेली कृष्णधवल प्रिंट शंभर वर्षे सहज टिकते, आणि ती बिघडते तेव्हा दोष बहुधा साठवणुकीचा असतो: चिकट पानांचे अल्बम, पीव्हीसीची पाकिटे, लॅमिनेशन, माळ्यावरची उष्णता, तळघरातली ओल. आम्लमुक्त कागदाची किंवा पॉलिस्टरची पाकिटे, ३० ते ५० टक्के आर्द्रता आणि माणसे राहतात त्या खोलीतले कपाट, एवढ्यावर पुष्कळ निभावते. चिकट पानावरून न सुटणारा फोटो ओढून काढू नये. पानासकट ठेवला तरी चालतो.

त्या फिरणाऱ्या मजकुरात न आलेली एक गोष्ट मला सर्वांत तातडीची वाटते. फोटोतली माणसे ओळखणारी घरातली शेवटची व्यक्ती हयात असेल, तर स्कॅनर विकत घेण्याच्याही आधी तिच्याजवळ बसावे. प्रत्येक फोटोला क्रमांक द्यावा, तो मोठ्याने उच्चारून मग तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, आणि ‘हे कोण?’ एवढेच न विचारता ‘हा फोटो काढणारा कुठे उभा होता, त्याच्या पाठीमागे काय होते?’ असेही विचारावे. नावे मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला कडेला, दाब न देता लिहावीत. कागद प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत असेल तर पाकिटावर लिहावीत. तिने सांगितलेले गावाचे नाव तिच्याच उच्चाराप्रमाणे टिपावे आणि नकाशावरचे आजचे नाव त्याच्या शेजारी, वेगळे लिहावे.