शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा खूश? एक खुलासा

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘शेपूट हलवणारा कुत्रा चावत नाही, मुलांना बिनधास्त हात लावू द्या. गुरगुरला तर फटका द्या.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

शेपूट हलते ती कुत्रा उत्तेजित झाल्यामुळे. आनंदाने की भीतीने, हे बाकीचं अंग सांगतं. अंग सैल आणि कमरेपासून डुलतंय, तर बहुधा खुशी. पण अंग ताठ, शेपूट उंच धरून बारीक थरथरतेय, तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय, तर लांबच राहा. लिफ्टमध्ये त्याला मागे सरकायलाही जागा नसते. मुलं बरोबर असतील तर सरळ पुढच्या लिफ्टने जा. (इटलीतल्या संशोधकांना २००७ मध्ये आढळलं, की मालक दिसल्यावर शेपूट कुत्र्याच्या उजवीकडे जास्त झुकते, अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे.)

फटक्याच्या सल्ल्याचा मला जास्त राग येतो. गुरगुरून तो बिचारा आधी बजावत असतो. मार खाऊन ते बंद झालं, तर पुढच्या वेळी न बजावताच चावू शकतो.

आणि चावलाच, तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस सुरू करा.