पुण्याजवळचं गाव

दाजींचा मेसेज आला तेव्हा इथं पहाटेचे साडेतीन वाजले होते. तिकडं सकाळचे नऊ, म्हणजे चहा झालेला, पेपर वाचून झालेला, आता कुणावर तरी चिडायची वेळ. ‘बघा, धाराशिवची अब्रू वेशीला टांगायलीय ही पोरगी.’ खाली व्हिडिओ.

पोरगी खो-खो खेळते. जिल्ह्याच्या गावी स्पर्धा भरणार, बाहेरचे संघ येणार, म्हणून तिनं चार मिनिटांत सांगितलंय की आमच्याकडं येताय तर कसं या. स्टेशन गावाबाहेर आहे, रात्रीच्या गाडीनं उतरणार असाल तर रिक्षा आधी ठरवून ठेवा. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तेव्हा लॉजवर भरलेली बादली दिसली तर जपून वापरा. सकाळी सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, खा, मॅच असेल तर मिरच्या बाजूला काढा. मटण खायचं तर उस्मानाबादी शेळीचं. (जिल्ह्याचं नाव २०२३ला बदललं, शेळीला अजून कुणी कळवलेलं नाही.) तुळजापूर अर्ध्या तासावर, पण मंगळवारी आणि शुक्रवारी गेलात तर रांगेतच पाय जातील, दुसऱ्या दिवशी पळणार कशानं?

आता यात चिडण्यासारखं काय आहे, सांगा. पण खाली लोक तुटून पडले होते. पाण्याचं बाहेर सांगायची काय गरज? आई भवानी शेळीच्या नंतर? नळदुर्गचा किल्ला कुठाय, तेरचे गोरोबाकाका कुठायत? एकानं तर हिचं जिल्हा संघातलं नावच काढा म्हणून मागणी केली होती. दाजींचं म्हणणं त्यातल्या त्यात सौम्य. ‘पाव्हण्यासमोर फाटकं धोतर दाखवत नसतेत.’

मला झोप लागेना. उठून चहा ठेवला आणि दाजींना लांबलचक उत्तर लिहायला घेतलं.

लिहिलं की दाजी, मी ज्या बर्मिंगहॅममध्ये राहतो तिथल्या महापालिकेनं २०२३च्या सप्टेंबरात आपल्याकडं पैसेच उरले नाहीत असं लेखी जाहीर केलं. २०२५च्या मार्चपासून कचरा उचलणारे बेमुदत संपावर गेले, तेव्हा काळ्या पिशव्यांचे ढीग आणि त्यावरचे उंदीर जगभरच्या टीव्हीवर दिसले. त्याच दिवसांत शेजारच्या बाईंकडं लीड्सहून बहीण आली, तर या बाई तिला गल्लीतला सगळ्यात मोठा ढीग दाखवायला घेऊन गेल्या. हसत. मग बाल्टी, म्हणजे इथली कढईतली करी, खायला नेलं. कुणी त्यांना शहरद्रोही म्हणालं नाही. २०२२ला इथं राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या तेव्हाही ‘आमच्याकडं व्हेनिसपेक्षा जास्त कालवे आहेत’ अशी फुशारकी मारणारा माणूस पुढच्याच वाक्यात ‘पण पाण्यात बघू नका’ असं म्हणायचा. असं म्हणायला अंगात जीव लागतो, दाजी. आपल्याकडं तो नाही.

हे शेवटचं वाक्य खोडायला हवं होतं. खोडलं नाही. परदेशातून लिहिताना असं एक वाक्य हातातून निसटतंच, आणि मग भाऊबीजेला बहीण फोनवर तुटक बोलते.

दाजींचं उत्तर दोन ओळींत आलं. ‘त्यांना हसायला परवडतंय. त्यांना कुणी मागास म्हणत नाही. आपल्याला म्हणतेत.’

यावर माझ्याकडं बोलायला काही नव्हतं. पण मी गप्प बसणारा नाही, मुद्दा बदलला. म्हटलं, तुम्हाला काय दाखवायचंय मग? सरकारी माहितीपत्रक? त्यात मराठवाडा म्हणजे अजिंठा आणि वेरूळ, बाकीच्या सात जिल्ह्यांत माणसं नुसती आभाळाकडं बघत बसल्यासारखी. सारिका काळे याच धाराशिवातून भारताच्या कर्णधार झाल्या, २०२०ला अर्जुन पुरस्कार मिळाला, त्यांचं नाव कुठल्या माहितीपत्रकात आहे? निदान या पोरीनं सांगितलेलं पाव्हण्याच्या कामाला तरी येईल.

एवढं ठणकावून पाठवलं आणि मला राष्ट्रकुल स्पर्धांचं अलेक्झांडर स्टेडियम आठवलं.

६ ऑगस्ट २०२२. तीन हजार मीटर स्टीपलचेस, अविनाश साबळे. बीड जिल्हा, आष्टी तालुका, मांडवा गाव. आई-बाप वीटभट्टीवर काम केलेले, पोरगा बारावीनंतर सैन्यात. अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. टँकरच्या वाटेकडं डोळे लावणाऱ्या तालुक्यातला माणूस पाण्यावरून उड्या मारायला एवढ्या लांब आला, असा विनोद मी मनातल्या मनात केला होता. १९९८पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानं दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. शेवटच्या सरळ पट्ट्यात हा केनियाच्या किबिवॉटच्या खांद्याला खांदा लावून आला तेव्हा मी खुर्चीवर चढून ओरडत होतो, ‘पळ रे, पळ की लेका!’ ८ मिनिटं ११.२० सेकंद. सोनं पाच शतांश सेकंदानं हुकलं. माझा घसा बसला होता आणि डोळ्यांत पाणी होतं.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ, गुडघ्यावर फ्लास्क. त्यांनी कौतुकानं विचारलं, ओळखीचा का? मी म्हटलं, माझ्या गावचा.

तर आष्टी मी आजवर पाहिलेली नाही. मी कळंबचा, मध्ये जवळजवळ सगळा बीड जिल्हा. पण हे खोटं मला माफ आहे असं मी धरून चालतो. पुढचं नाही. त्यांनी विचारलं, कुठं आलं हे गाव? आणि त्या क्षणी, घसा बसेपर्यंत ओरडून झाल्यावर, मी म्हणालो, ‘पुण्याजवळ.’

हे काही पहिल्यांदा नव्हतं. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, तेव्हा ऑफिसातल्या एकानं फोनवर फोटो दाखवून विचारलं, हे तुमच्याकडंच का? मी म्हटलं, नाही, ते लांब आहे. लांब! ती गाडी आमच्याच जिल्ह्यातून गेली. पलीकडं चुलत्यांकडं बायका घागरी मांडून रात्र काढत होत्या आणि मी इथं नळ सोडून कप विसळत होतो.

म्हणजे फाटकं धोतर मीही झाकतच होतो. फरक एवढाच की दाजी ते तिथं राहून झाकतात, अंगावर नेसून.

हे काही दाजींना कळवलं नाही. कळवण्याइतका मोठा मी अजून झालेलो नाही.

व्हिडिओ मात्र पुन्हा लावला, आणि शेवटचा भाग पहिल्यांदा नीट ऐकला. स्पर्धेच्या मध्येच वेळ अमावस्या, म्हणजे आमची येळवस, सगळ्यांनी शेतात जाऊन जेवायचा सण, येते, ती सांगत होती. येळवशीला गावात काही मिळणार नाही, हॉटेलं बंद, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. घाबरू नका. कुठल्याही शेताच्या रस्त्याला लागा आणि कडब्याची खोप दिसली की थांबा. कुणीतरी हाक मारणारच. भज्जी आहे, आंबील आहे, उंडे आहेत. नाव-गाव जेवण झाल्यावर विचारतात.

तिनं हे इतकं सहज सांगितलं होतं, रिक्षा ठरवा म्हणाली त्याच सुरात. आमच्या खोपीत आजी पूजेला मांडलेल्या पांडवांच्या दगडांना चुना लावायची आणि आंबिलाचं गाडगं कुणाला शिवू द्यायची नाही. आंबील मला आवडायचं नाही. आंबट ढेकर यायचे. आता रान बटईनं दिलंय, खोप कोण घालतं माहीत नाही, आणि मी शेवटच्या येळवशीला होतो त्याला अकरा वर्षं झाली.

सात वाजता दाजींचा पुन्हा मेसेज. राग उतरला होता, किंवा जेवायची वेळ झाली होती. ‘भांडायचं तर हितं येऊन भांडा. येळवशीला या. स्टेशनवर घ्यायला येतो.’

मी लिहिलं, कशाला त्रास घेताय, मला रस्ता माहितीय.

मग व्हिडिओ मागं ओढला आणि ती स्टेशनवरून गावात कसं यायचं सांगते तिथं थांबवला.