बेंजो किलोवर गेला

परवा शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, गेलो होतो. रात्री त्याच गावात आमच्या गायन पार्टीचा दुय्यम कव्वालीचा, म्हणजे दोन पार्ट्यांच्या सामन्याचा, कार्यक्रम होता, म्हणून दुपारीच पोचलो. चहाच्या टपरीवर ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या आमच्या पोरानं मोबाईल पुढं केला. एका जुन्या काळ्या इलेक्ट्रिक गिटारीला २०१९च्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले, तेव्हाच्या भावानं २७ कोटींच्या वर. "भाऊ, लाकूडच तं आहे ना ते. कायले देते गा कोणी एवढे पैसे?"

मी पटाच्या जोड्यांकडं बोट दाखवलं. नांगराची जोडी आणि पट मारलेली जोडी यांच्या भावातलं अंतर त्याला सांगायची गरज नव्हती. पण घरी आल्यावर ते उत्तर माझं मलाच पटेना. पटाचा बैल पुढच्या पटातही धावेल, म्हणून त्याला पैसा मिळतो. गिटार घेणाऱ्याच्या हाती ती तशी वाजणार नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. मग पैसा कशाचा?

ती गिटार पिंक फ्लॉईड या इंग्लंडच्या रॉक बँडच्या डेव्हिड गिलमोरची. १९७०ला न्यूयॉर्कच्या दुकानातून घेतलेली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर, कारखान्यातून निघालेल्या हजारोंपैकी एक. तिची नेक, म्हणजे दांडा, त्यानं कितीदा तरी बदलली, तारांचा आवाज पकडणारे पिकअप बदलले. इंग्लंडचाच गिटारवादक एरिक क्लॅप्टन, त्याची 'ब्लॅकी' तर अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या दुकानात शंभरेक डॉलरला एक अशा घेतलेल्या गिटारींपैकी तिघींचे भाग जोडून बनवलेली. २००४ला ती ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली. म्हणजे जुनं लाकूड, मूळ तार, सगळं कारखान्यातून आलं तसंच पाहिजे, हा हिशोब या दोघींना लागूच होत नाही.

दुसरीकडं तो हिशोब लागूही होतो. १९५८ ते १९६० मधल्या गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारी घ्या. लाल-पिवळ्या झाकेच्या त्या गिटारी दीड हजारांच्या आसपास निघाल्या असतील. खपत नव्हत्या, म्हणून कंपनीनं आकारच बदलून टाकला. पुढं इंग्लंडच्या वादकांनी त्या वाजवल्या, तो आवाज लोकांच्या कानात बसला, आणि तोवर कारखान्यात त्या बनणं थांबलेलं. तो लाल रंग उन्हानं विटायचा, म्हणून एकीवर चहासारखी झाक, दुसरी लिंबासारखी पिवळी. पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. त्या काळी फेरे एकसारखे बसत नसत, त्यामुळं दोन गिटारींचा आवाज अगदी सारखा निघत नाही.

हे फेऱ्यांचं मला वाचून कळलं नाही. आमचे काकाजी बेंजो वाजवायचे, तारांवर कळा दाबून वाजवतात तो. त्याचा पिकअप जळला होता, तेव्हा ते पंपाच्या मोटारी भरणाऱ्याकडं जाऊन बसले होते. दिवसभर. तो फेरे मोजायचा, मधेच चुकायचा, काकाजी कागदावर रेघा मारायचे. नवीन कॉईलचा आवाज आधीपेक्षा जाडसर आला. काकाजी म्हणाले, "राहू दे गा, हाच बरा आहे." पुढं भीमजयंतीच्या रात्री तो बेंजो माईकवर लागला की लोक गायकाच्या आधी त्याला ओळखायचे. मधल्या सप्तकाच्या कळांवरचे आकडे त्यांच्या बोटांनी पुसून गेले होते. मी सूर शिकलो ते त्या बिनआकड्याच्या कळांवर.

आयर्लंडचा गिटारवादक रोरी गॅलघर याची १९६१ची स्ट्रॅटोकास्टर अशीच आहे. घामानं रंग उडून निम्मं अंग उघडं पडलेलं. २०२४ला लंडनच्या लिलावात तिला ८ लाख ८९ हजार पौंडांच्या वर मिळाले, आणि ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला भेट दिली गेली. तो उडालेला रंग म्हणजेच पुरावा. लिलाववाले जुने फोटो घेऊन लाकडाच्या रेषा, टवके, सिगारेटचे डाग ताडून पाहतात. हीच ती, याच हातातली, असं सिद्ध झालं की भाव चढतो. सिद्ध नाही झालं तर ती नुसती जुनी गिटार.

म्हणून मला ते भाव वेडेपणाचे वाटत नाहीत. कोणीतरी पन्नास वर्षं पावती जपली, फोटो जपले, कोणत्या कार्यक्रमात काय वाजलं ते लिहून ठेवलं. त्या जपण्याचे ते पैसे आहेत.

काकाजी गेले तेव्हा मी कामाला पुण्यात होतो. दिवाळीला आलो, तोवर घर आवरताना पोरांनी बेंजो भंगारात दिला होता. पत्रा वेगळा, तांबं वेगळं. त्यांना दोष देत नाही. त्यांच्यासाठी तो बिघडलेला बाजा होता, आणि तो काय आहे हे सांगणारा कागदाचा एक तुकडा आम्ही कोणी लिहून ठेवला नव्हता. मीही नाही. मला अजून त्याचं फार वाईट वाटतं.

लाखांदूर, पवनी, ब्रह्मपुरी, वडसा या भागात कोणाकडं भीमजयंतीचे, मंडईच्या जत्रेचे, कव्वालीच्या सामन्यांचे जुने फोटो असतील तर कमेंटमध्ये टाका. गायक पुढं असतो, पण मागं बसलेले दिसतात ते पाहा. कोण आहे, गाव कोणतं, साल कोणतं, हातात काय आहे, एवढं लिहा. एखाद्या फोटोत मांडीवर निळ्या पत्र्याचा बेंजो घेतलेला, मान डावीकडं कललेला माणूस दिसला, तर तो मला इनबॉक्समध्ये पाठवा, कितीही पुसट असू द्या.