500 रुपयांची वास्तुशांत

बाहुलीचं घर पुठ्ठ्याचं केलं की फुकटात पडतं, असं म्हणणारा माणूस ते बांधणारा नसतो. पुठ्ठा फुकट मिळतो, कबूल. पण पणजीला वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि पुठ्ठ्याला हवेतली ओलसुद्धा पुरते. म्हणून माझा हिशोब सरळ आहे. 500 रुपये असतील तर निम्मे कटरची पाती, गोंद आणि ओल थोपवण्यावर घालायचे. बाकीचं घर कचऱ्यातून उभं राहतं. त्यासाठी घरातल्यांनी कचरा टाकायचं थांबवलं पाहिजे, आणि ते थांबवतातच, कारण आपण त्यांच्या हातातून डबी, बूच, काडी हिसकावून घेत असतो.

श्रीमंतांची गोष्ट वेगळी. ॲम्स्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमन या बाईंनी 1686 ते 1710 या काळात सजवलेलं बाहुलीघर आज तिथल्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. त्यावर झालेल्या खर्चात कालव्याकाठी खरं घर आलं असतं. दिल्लीचं राष्ट्रपती भवन रचणाऱ्या लट्येन्स साहेबांनी 1921 ते 1924 मध्ये राणी मेरीसाठी एक बाहुलीघर केलं. त्यात नळाला पाणी येतं. हे वाक्य मे महिन्यात टँकरची वाट बघताना वाचू नये. दोघांकडून आपल्याला परवडण्यासारखी एकच गोष्ट उचलता येते आणि ती म्हणजे प्रमाण. राणीचं घर 1:12 आहे, म्हणजे खरा एक फूट तिथे एक इंच.

पहिला घोळ इथेच होतो. घरात आधीपासून बार्बी असते. तिची उंची साडेअकरा इंच. 1:12 च्या घरात ती साडेअकरा फुटी बाई होते आणि आढ्याला डोकं लावून बसते. तिच्या मापाचं, म्हणजे 1:6 घर करायचं तर दहा बाय बाराची खोली वीस बाय चोवीस इंचांची होते. अशा चार खोल्या बांधल्या की आपल्याला झोपायला बाल्कांव, म्हणजे दारापुढचा ओटा, उरतो. तेव्हा बार्बीला पाहुणी म्हणून अंगणात बसवावं आणि घरात तार-चिंध्यांची पाच-साडेपाच इंची माणसं नांदवावीत. सावंतवाडीची लाकडी फळंही आत नेऊ नयेत. तीन इंची आंबा टेबलावर ठेवला तर तो तीन फुटी मानकुराद होतो, आणि मग बाहुल्यांच्या घरात जेवणापेक्षा वाटणीचीच चर्चा जास्त.

मापं पाठ करून टाकावीत. छत दहा इंच, दार सात, खुर्चीची बैठक दीड, जेवणाचं टेबल अडीच. एवढं जमलं की दुकानात न जाता भांडीकुंडी दिसायला लागतात. दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं, म्हणजे बारापटीने सव्वा फुटाच्या आत बसणारं ताट. बिअरच्या बाटलीचं पत्र्याचं बूच साधारण 32 मिलिमीटर, म्हणजे कणीक मळायची परात, कडेला नक्षीसकट. बुचांच्या बाबतीत गोव्याला बाहेरून काही आणावं लागत नाही. काडेपेटी ही ट्रंक. फक्त आइस्क्रीमच्या काडीपासून सावध राहावं. ती साडेचार इंचांची असते, आणि काडीच्या लांबीएवढाच पलंग करायचा मोह प्रत्येकाला होतो. तो पलंग साडेचार फुटी होतो आणि घरच्या कर्त्या पुरुषाचे पाय बाहेर लोंबतात. सव्वासहा इंच हवे असतील तर दोन काड्या जोडा आणि जोडाखाली तिसरीचा तुकडा चिकटवा.

आता खोकं. फाइव्ह प्लाय, म्हणजे पाच थरांचं घ्यावं. तीन थरांचं थ्री प्लाय छपरासाठी ठेवावं. दारूच्या दुकानातलं बारा बाटल्यांचं खोकं आतल्या कप्प्यांमुळे तयार चाळीसारखं दिसतं आणि नवशिक्या हरखतो. एक कप्पा जेमतेम आठ सेंटिमीटरचा, म्हणजे बाहुलीला एक मीटर बाय एक मीटर. न्हाणी म्हणून चालेल, बाकी बारा कुटुंबांचे शाप लागतील. कप्पे काढून आतल्या भिंतींना वापरा. नुस्त्याचं, म्हणजे मासळीचं, थर्माकोलचं खोकं कितीही धुतलेलं असलं तरी नको. वास जातो असं आपल्याला वाटतं, शेजारच्या मांजराला तसं वाटत नाही.

पुठ्ठ्यातल्या नळ्या भिंतीत उभ्या आल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर वरच्या मजल्याच्या वजनाने भिंत मध्येच गुडघ्यात वाकते. कापताना पोलादी पट्टी धरून हलक्या हाताने तीनदा पातं फिरवायचं. एकदाच जोर लावला की वरचा कागद कापला जातो आणि आतला चिरडतो. पात्याचं टोक बोथट झालं की तो तुकडा मोडून टाकायचा. इथे काटकसर करणाऱ्याच्या भिंतींना कडेला दाढी फुटते. कापलेल्या प्रत्येक कडेवर कागदी टेप हवाच. उघड्या नळ्या म्हणजे मुंग्यांना वन बीएचके, आणि त्या भाडं न देता पावसाळाभर राहतात.

भिंती वाकड्या होण्याचं खरं कारण मात्र गोंद. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला पाणीदार गोंद लावून कागद चिकटवला की ती बाजू आधी फुगते, मग सुकताना आकसते आणि भिंतीला आपल्याकडे ओढून घेते. उपाय सोपा आहे आणि कोणीच करत नाही: दोन्ही बाजूंना कागद लावायचा, मागच्या बाजूला जुनं वर्तमानपत्रही चालतं. त्याआधी फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून दोन्ही अंगांना एक हात द्यायचा, खाली-वर प्लॅस्टिक घालून जाडजूड दिवाळी अंकांच्या थप्पीखाली दाबून ठेवायचं. उन्हाळ्यात एक रात्र पुरते. जुलैत दोन-तीन दिवस धरा, आणि तेवढ्यात उचलून बघायची सवय असेल तर बांधकाम दिवाळीनंतर काढा. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण झुरळांना आणि कसरीला ती मेजवानी. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, ते विषारी आहे. मुलांच्या खेळात नको.

चवथीनंतर मखराचं थर्माकोल मिळालं तर पायऱ्या आणि तुळशीवृंदावन त्यातून छान होतं. पण त्याला स्प्रे पेंट किंवा सॉल्व्हंटचा उग्र वासाचा गोंद लागला की थर्माकोल विरघळतं. वृंदावनाच्या जागी खड्डा पडतो आणि तुळशीचं लग्न पुढे ढकलावं लागतं. पांढरा गोंद, वर पोस्टर कलर, एवढंच.

चिऱ्यांची भिंत हवी असेल तर अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेसारखी वस्तू नाही. तिचा खरबरीतपणा जांभ्या दगडाचाच. तीन बाय दीड सेंटिमीटरचे तुकडे कापून, सांधे मोडत लावायचे, गेरूत चिमूटभर हळद आणि थोडा फेव्हिकॉल मिसळून स्पंजने थोपटायचं. सगळे चिरे एकाच रंगाचे झाले तर ती भिंत जांभ्याची न दिसता रिसॉर्टची दिसते.

खरी परीक्षा छपराची. मंगळुरी कौल सुमारे 41 बाय 23 सेंटिमीटरचं, म्हणजे आपलं 34 बाय 20 मिलिमीटर. खऱ्या छपराला चौरस मीटरमागे साधारण 15 कौलं लागतात. 45 बाय 25 सेंटिमीटरच्या दोन उतारांचा हिशोब केला तर जवळजवळ 490 कौलं होतात. हा आकडा बघून बरेच लोक अचानक आधुनिक वास्तुशैलीचे चाहते होतात आणि स्लॅब घालतात. त्यांनी थ्री प्लाय पुठ्ठ्याचा वरचा कागद ओल्या फडक्याने भिजवून सोलावा. आतल्या लाटा उघड्या पडतात. सुकल्यावर त्याच्या 34 मिलिमीटरच्या पट्ट्या कापायच्या, दर 20 मिलिमीटरवर खालून चीर द्यायची आणि वळचणीकडून आढ्याकडे लावत जायचं, प्रत्येक पट्टी खालच्यावर सात-आठ मिलिमीटर चढवून. वरून सुरुवात केली तर कौलं उलटी बसतात, आणि शेजारचे आजोबा कवायत बघावी तसे उभे राहून ते दाखवून देतात. विटकरी रंगात थोडा काळा मिसळा. भडक लाल छप्पर गोव्यात नुसत्या जाहिरातीत असतं. छप्पर चिकटवू मात्र नका. सुटं ठेवलं नाही तर आत पडलेली खुर्ची चिमट्याने काढण्यात आयुष्य जाईल.

खिडक्यांना, काचेऐवजी बसवत त्या शिंपल्यांच्या तावदानांचा भास बटर पेपरने येतो: पाऊण सेंटिमीटरचे चौकोन, वर मोत्यासारख्या चमकेच्या नेलपॉलिशचा एक हात. खऱ्या शिंपल्यांच्या मागे लागू नये, त्या कालवांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. गज आणि वासे नारळाच्या हिरांचे. हीर जुन्या खराट्याचे घ्यावेत. हिरवे लावले तर सुकताना आखडतात आणि खिडकी तिरळी बघते. पडद्यांना मलमल घ्या, चुण्या टाचणीने थर्माकोलवर बसवून पातळ गोंदाने ताठ करा. साडीवरचं मोठं फूल बाहुलीच्या खिडकीत कोबीच्या गड्ड्याएवढं दिसतं.

दिव्यांसाठी पांढरा एलईडी आणि दोन पेन्सिल सेलची, स्क्रूने बंद होणारी डबी. बटण सेल घालू नयेत. लहान मुलाने गिळला तर काही तासांतच अन्ननलिका भाजते. मागच्या भिंतीला तारेसाठी भोक आधीच ठेवा. खऱ्या घरात इलेक्ट्रिशियन रंगकाम झाल्यावर भिंत फोडतो, ती परंपरा इथे चालवायची गरज नाही.

घर उभं राहिलं की बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर आणि जमिनीपासून वर ठेवावं, नाहीतर जुलैत मागच्या खोलीला बुरा धरतो. मग पाहुणे येतात, ‘कितीला घेतलं?’ विचारतात, आणि आमच्याकडेही खोकी पडून आहेत, पाठवून देतो म्हणतात. नको म्हणू नये. फाइव्ह प्लाय आहेत का, भिजलेली नाहीत ना आणि त्यांतून बांगडे आले नव्हते ना, हे तेवढं विचारून घ्यावं.